एक रेघ, चाळीस मजले

‘गगनचुंबी इमारतींचा आर्किटेक्ट कसे व्हावे’ या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन या सदरातून गेल्या महिन्यात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे नाशिकहून आली आहेत आणि उत्तरे देणारा मीही नाशिकचाच असल्याने या वेळी तीच निवडली. माझे वास्तुकलेचे शिक्षण याच शहरात झाले, त्यानंतरची अठरा वर्षे मुंबईत उंच इमारतींची कामे करणाऱ्या कार्यालयांत गेली आणि आता पुन्हा येथेच छोटा व्यवसाय आहे. ‘वास्तुविशारद’ हा शब्द चांगला असला तरी बोलताना सगळे ‘आर्किटेक्ट’च म्हणतात, म्हणून उत्तरांतही तोच ठेवला आहे.

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते. बुर्ज खलिफाचे छायाचित्र तिने अभ्यासाच्या टेबलासमोर लावले आहे आणि अशाच इमारतींची रचना करायची, असे तिने ठरवून टाकले आहे. चित्रकला उत्तम आहे. इंटरमीजिएट परीक्षेत तिला ‘अ’ श्रेणी मिळाली होती. नातेवाईक म्हणतात, त्यासाठी परदेशीच जावे लागेल. मार्ग कोणता आणि वर्षे किती लागतील?
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : सोपा भाग आधी उरकून घेऊ. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हे विषय हवेत. वास्तुकला परिषदेची ‘नाटा’ ही प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनमधील वास्तुकलेचा पेपर द्यावा लागतो. पुढे बी. आर्क. हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि त्यातील एक सत्र विद्यार्थ्याला एखाद्या आर्किटेक्टच्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करून पूर्ण करावे लागते. पदवीनंतर परिषदेकडे नोंदणी झाल्यावरच, १९७२ च्या कायद्यानुसार, स्वतःच्या नावामागे ‘आर्किटेक्ट’ लावता येते. मुंबईचे सर ज. जी. महाविद्यालय, अहमदाबादचे सेप्ट, दिल्लीचे एसपीए ही नावे आपण ऐकली असतीलच. नाशिकमध्येही वास्तुकलेची महाविद्यालये आहेत. पहिली पदवी घेण्यासाठी परदेशी जाण्याची काहीही आवश्यकता नाही. या पाच वर्षांत विद्यार्थी शाळा, घर, रुग्णालय, बाजार अशा अनेक गोष्टींचे आराखडे करतो आणि उंच इमारतीचा प्रकल्प त्याच्या वाट्याला फार तर एक-दोनदा येतो. उंच इमारत शिकायची ती पदवीनंतर, अशी कामे करणाऱ्या कार्यालयात बसून.

आता वर्षांविषयी. तिच्या टेबलासमोरच्या बुर्ज खलिफाचे आर्किटेक्ट एड्रियन स्मिथ १९६७ साली शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या कार्यालयात रुजू झाले. बुर्जचे बांधकाम सुरू झाले २००४ मध्ये आणि ८२८ मीटर उंचीची ती इमारत खुली झाली ४ जानेवारी २०१० रोजी. म्हणजे नोकरीचा पहिला दिवस आणि त्या इमारतीचा पहिला दिवस यांच्यामध्ये चार दशकांहून अधिक काळ गेला होता. क्वालालंपूरच्या पेट्रोनास जुळ्या मनोऱ्यांचे आर्किटेक्ट सीझर पेली यांचा जन्म १९२६ चा. त्यांनी स्वतःचे कार्यालय काढले १९७७ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर. मनोरे पूर्ण झाले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. हा व्यवसाय उशिरा फळ देणारा आहे, हे मुलीला आजच सांगून ठेवावे. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. तिशीपर्यंत नाव झाले नाही तर आपण मागे पडलो, असे तिला वाटू नये एवढ्यासाठी सांगतो.

तिच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. छायाचित्रात दिसते ते इमारतीचे टोक. आर्किटेक्टचे आयुष्य जाते ते मात्र ‘टिपिकल फ्लोअर’वर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्या एका मजल्यावर. बंगल्याच्या नकाशातील रेघ एकदाच बांधली जाते, चाळीस मजली इमारतीच्या नकाशातील रेघ चाळीस वेळा बांधली जाते. छताखालून जाणाऱ्या नळ्या आणि वाहिन्या नीट एकमेकींत बसवून प्रत्येक मजल्याची उंची दहा सेंटिमीटरने कमी करता आली, तर चाळीस मजल्यांत चार मीटर वाचतात आणि त्यात आणखी एक मजला आरामात बसतो. इमारतीच्या मध्यभागी लिफ्ट, जिने, पाण्याचे व विजेचे डक्ट यांचा जो गाभा असतो, तो मजल्यामागे एक चौरस मीटरने जरी आटोपशीर झाला, तरी चाळीस चौरस मीटर जागा, म्हणजे एक लहानसे घर, मोकळे होते. हाच हिशेब उलटाही चालतो आणि त्याचा माझ्यापुरता दाखला पुढे एका उत्तरात दिला आहेच. असे गुणाकाराचे काम ज्याला कंटाळवाणे वाटते, त्याने सुंदर बंगले करावेत. त्यात कमीपणा काहीच नाही.

म्हणून ‘अ’ श्रेणीचा आनंद मानावा, पण निर्णय त्या श्रेणीवर सोपवू नये. माझी एक सूचना आहे. एखाद्या रविवारी मुलीच्या हाती मेजरिंग टेप द्यावी आणि आपल्याच सोसायटीचा जिना मोजायला सांगावा : पायरीची उंची, रुंदी, लँडिंग, कठडा, डोक्यावरची मोकळी जागा. मग तो तिने कागदावर प्रमाणात काढावा. सोमवारी सकाळी शाळा-कार्यालयांच्या वेळेत लिफ्टसाठी कोण किती वेळ थांबते, याचीही नोंद तिने अर्धा तास करावी. दोन्ही कामांत तिला वेळेचे भान राहिले नाही, तर प्रवेश परीक्षेचा अर्ज निर्धास्तपणे भरावा.

प्रश्न : मी सिव्हिल पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. उंच इमारत उभी राहते ती स्ट्रक्चरल इंजिनिअरमुळे. तरीही नाव आर्किटेक्टचे होते, हा अन्याय नाही का? मी पुढे बी. आर्क. करावे की इंजिनिअरिंगच?
– एक विद्यार्थी, सातपूर

उत्तर : अन्याय आहेच आणि तो जुना आहे. तरीही ज्या माणसामुळे आजचे उंच मनोरे शक्य झाले, तो इंजिनिअरच होता आणि त्याचे नाव या क्षेत्रात आदराने घेतले जाते, हे तुमच्या कानावर घालतो. फझलूर रहमान खान यांचा जन्म १९२९ साली ढाक्यात झाला, शिक्षण शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात आणि ढाक्यात. १९५२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले आणि १९५५ मध्ये स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिलमध्येच रुजू झाले.

त्या काळी उंच इमारत म्हणजे कॉलम आणि बीमचा आतून बाहेरून दाट सांगाडा असे. इमारत जितकी उंच, तितके वाऱ्याला तोंड देण्यासाठी लोखंड भरमसाट वाढत जाई. खान यांनी बळ आतून काढून बाहेरच्या कडेला आणले. परिघावर जवळजवळ कॉलम घेऊन ते बीमने घट्ट बांधले, की संपूर्ण इमारत एका पोकळ नळीसारखी काम करते. बांबू पोकळ असूनही वादळात उभा राहतो, तसेच हे. शिकागोचे शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर पाहा. त्याच्या दर्शनी भागावरच्या तिरप्या पट्ट्या शोभेसाठी नाहीत, वाऱ्याचा भार त्यांतून जमिनीत उतरतो. त्यानंतरचा सिअर्स टॉवर ४४२ मीटर उंचीचा. तो समजून घ्यायला निफाडच्या शेतातील उसाची मोळी पुरे आहे. सुमारे २३ मीटर बाजूच्या नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या, त्यांतील दोन पन्नासाव्या मजल्यावर थांबल्या, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या आणि उरलेल्या दोनच शेवटपर्यंत गेल्या. एकेक ऊस सुटा वाकेल, मोळी वाकत नाही. शिवाय उंचीबरोबर मोळी निमुळती होत गेल्याने वाऱ्याला अडणारा भागही कमी झाला.

हे दोन्ही मनोरे खान यांनी एकट्याने केले नाहीत. आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम त्यांच्या शेजारी होते आणि इमारतीचे रूप कुठे संपते व तिचा सांगाडा कुठे सुरू होतो, हे त्या दोघांच्या कामात वेगळे काढता येत नाही. तुमच्या प्रश्नातील भांडण मला म्हणूनच फारसे फलदायी वाटत नाही. आपल्याकडे मात्र अनेकदा आर्किटेक्ट आधी आकार ठरवून मोकळा होतो आणि ‘आरसीसीवाल्याला’, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरला, ‘पाठवून द्या’ म्हणतो. चार मजल्यांपर्यंत ते खपते. चाळीस मजल्यांना इंजिनिअर पहिल्या बैठकीपासून टेबलावर नसेल, तर ती बैठक वाया गेली असे समजावे.

इंजिनिअरची जबाबदारी किती जड असते, याचेही एक उदाहरण देतो. न्यू यॉर्कची ५९ मजली सिटीकॉर्प इमारत १९७७ मध्ये पूर्ण झाली. भूखंडाच्या एका कोपऱ्यात चर्च असल्यामुळे मनोऱ्याचे मोठे खांब चार कोपऱ्यांत न घेता चार बाजूंच्या मध्यभागी घेतले होते. पुढच्याच वर्षी विद्यार्थ्यांकडून आलेल्या एका शंकेच्या निमित्ताने स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लमेजरिए यांनी पुन्हा गणिते केली. कोपऱ्यावर तिरपा येणारा वारा सांगाड्याला अधिक जाचक ठरतो आणि बांधताना जोड वेल्डिंगऐवजी बोल्टने केलेले आहेत, या दोन गोष्टी एकत्र आल्यावर धोका त्यांच्या ध्यानात आला. त्यांनी चूक लपवली नाही. मालकाला आणि शहर प्रशासनाला कळवले आणि रात्री कार्यालये बंद झाल्यावर शेकडो जोडांवर पोलादी पट्ट्या वेल्ड करून इमारत पक्की करण्यात आली. सर्वसामान्य लोकांना हे कळले १९९५ मध्ये. इतकी वर्षे ते झाकून ठेवणे योग्य होते का, यावर मतभेद आहेत आणि माझे मत ‘नव्हते’ असेच आहे. पण स्वतःची गणिते पुन्हा तपासण्याचे धैर्य मात्र मी मान्य करतो.

तुमच्या निवडीबद्दल : ‘हे असे का उभे आहे’ हा प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देत नसेल, तर इंजिनिअरिंग करा आणि पुढे स्ट्रक्चर्समध्ये एम. टेक. करा. ‘इथे माणूस कसा वावरेल’ हा प्रश्न छळत असेल, तर बी. आर्क. गणित विषयासह पदविका केलेल्यांनाही तो मार्ग खुला आहे.

प्रश्न : आम्ही गंगापूर रोडवर चौदाव्या मजल्यावर राहतो. वळवाचा वारा सुटला की खिडक्या शीळ घालतात आणि आईला इमारत हलल्याचा भास होतो. इमारत खरेच हलते का? गगनचुंबी इमारतींचे आर्किटेक्ट वाऱ्याचा विचार कसा करतात?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : शीळ वाजते ती स्लायडिंग खिडकीच्या फटीतून, रबर आणि ब्रशची पट्टी बदलून घ्यावी. इमारत अगदी किंचित हलते, प्रत्येकच हलते, परंतु चौदाव्या मजल्यावर ते जाणवू नये. आईंना धीर द्यावा.

भारतीय मानकाने प्रत्येक शहरासाठी वाऱ्याचा मूळ वेग ठरवून दिला आहे. नाशिकसाठी तो सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर आहे. मुंबईसाठी ४४ मीटर. हा वेग जमिनीपासून दहा मीटरवरचा झाला, वर जावे तसा तो वाढतो. पण उंच मनोऱ्याला खरा त्रास समोरून ढकलणाऱ्या वाऱ्याचा नसतो. पावसाळ्यात होळकर पुलावर उभे राहून खांबांच्या मागे पाहावे : पाणी खांबाला वळसा घालते आणि मागे भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. वाऱ्याचेही तसेच होते. हे भोवरे ठरावीक तालात सुटले आणि तो ताल इमारतीच्या स्वतःच्या डोलण्याच्या तालाशी जुळला, की झोका वाढत जातो. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला हलका धक्काही झोका उंच नेतो, हे आपल्याला ठाऊकच आहे.

त्यामुळे आर्किटेक्टचे काम ताल मोडण्याचे. बुर्ज खलिफाचा आराखडा तीन पाकळ्यांचा आहे आणि त्या पाकळ्या वर जाताना वेगवेगळ्या उंचीवर, गोल फिरत, मागे सरकतात. प्रत्येक टप्प्यावर रुंदी निराळी, म्हणून भोवऱ्यांचा तालही निराळा. ते एकत्र येऊच शकत नाहीत. यासाठी लहान प्रतिकृती विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात, ठेवून पुन्हा पुन्हा तपासल्या गेल्या आणि प्रत्येक वेळी आकार थोडा बदलला. ६३२ मीटर उंचीच्या शांघाय टॉवरला पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे १२० अंशांचा पीळ दिला आहे. त्याने वाऱ्याचा भार सुमारे २४ टक्क्यांनी घटला. तैपेई १०१ मध्ये तर वरच्या मजल्यांत ६६० टनांचा पोलादी गोळा टांगला आहे. इमारत एका बाजूला झुकली, की तो मागे राहतो आणि तिचा झोका शोषून घेतो. पर्यटक त्याचेही फोटो काढतात, हे मला आवडते. नाहीतर आमच्या व्यवसायातील उपयोगी वस्तू सहसा छतावरच्या फॉल्स सीलिंगमागे दडलेल्या असतात.

प्रश्न : मी मूळची नाशिक रोडची. मुंबईतील एका मोठ्या कार्यालयात तीन वर्षे काम करते आहे. इतक्या दिवसांत मी फक्त टॉयलेटची ड्रॉइंग, पार्किंगची मोजणी आणि रिफ्यूज एरियाची क्षेत्रफळे केली. पगार माझ्या संगणक अभियंता मैत्रिणींच्या निम्माही नाही. हीच का ती गगनचुंबी कारकीर्द? सोडून द्यावे का?
– एक तरुण आर्किटेक्ट

उत्तर : पगाराबाबत तुमची तक्रार रास्त आहे. या व्यवसायात सुरुवातीची वर्षे कमी पैशांत काढावी लागतात आणि ‘शिकायला मिळते ना’ या सबबीखाली कार्यालये त्याचा फायदा घेतात. रात्री अकरापर्यंत थांबवून घेऊन दुसऱ्या दिवशी साडेनऊला बोलावणे हे शिक्षण नव्हे. तेवढ्याच कारणासाठी कार्यालय बदलायचे असेल, तर अवश्य बदला.

टॉयलेट आणि रिफ्यूजच्या कंटाळ्यासाठी मात्र सोडू नका, असे आग्रहाने सांगतो. माझ्या चौथ्या वर्षीची गोष्ट आहे. एकतीस मजली इमारतीच्या गाभ्याची वर्किंग ड्रॉइंग माझ्याकडे होती. जिन्याच्या आगरोधक दरवाजाचे पान लँडिंगवर कसे उघडेल, ते मी नकाशात काढले होते. अग्निशमनाचा उभा पाइप त्याच कोपऱ्यातून वर जातो, हे प्लंबिंगच्या ड्रॉइंगमध्ये होते. दोन्ही ड्रॉइंग मी एकमेकांवर ठेवून पाहिलीच नाहीत. नवव्या मजल्याचा स्लॅब पडल्यावर (आमच्याकडे स्लॅब ‘पडला’ म्हणजे ओतून झाला, बाहेरच्या माणसाला ऐकून धडकी भरते) साइटवरच्या सुपरवायझरचा फोन आला : “साहेब, दार भिंतीपर्यंत जातच नाही, पाइपाला अडतंय.” दार पूर्ण उघडत नाही, म्हणजे आग लागल्यावर खाली धावणाऱ्या माणसांची वाट तेवढी अरुंद होते. खालच्या मजल्यांवरचे पाइप सरकवावे लागले, स्लॅबमध्ये नवी भोके पाडावी लागली, वरच्या बावीस मजल्यांची ड्रॉइंग नव्याने निघाली. माझ्या वरिष्ठांनी मला रागावण्याऐवजी दुरुस्तीचा खर्च कागदावर मांडायला बसवले. तो आकडा माझ्या वर्षाच्या पगाराहून मोठा होता आणि मला अजूनही पाठ आहे.

तुम्ही ज्या रिफ्यूज एरियाची क्षेत्रफळे काढता, तो राष्ट्रीय इमारत संहितेनुसार चोवीस मीटर उंचीच्या लगेच वर आणि पुढे दर पंधरा मीटरवर द्यावा लागतो. जिना उतरू न शकणारी आजी, पाय मोडलेला मुलगा, गर्भवती स्त्री यांनी अग्निशमन दल पोहोचेपर्यंत जिथे थांबायचे, ती ही जागा. पुढे सोसायट्या तिथे कुंड्या, सायकली आणि जुने सोफे ठेवतात, तो भाग वेगळा. लंडनच्या चोवीस मजली ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली आणि ७२ माणसे गेली. बाहेरून नंतर लावलेल्या आवरणातून ती आग भराभर वर चढली होती. म्हणजे एका पत्र्याची निवड, तीही चोवीस मजल्यांनी गुणलेली.

तुम्हाला तीन वर्षे झाली आहेत, तेव्हा आता वरिष्ठांकडे एक मागणी करा. सल्लागारांच्या समन्वयाच्या बैठकीत, जिथे स्ट्रक्चर, प्लंबिंग, वीज, लिफ्ट, अग्निसुरक्षा आणि काचेचा दर्शनी भाग यांची माणसे एकत्र बसतात, तिथे मला बसू द्या, बोलले नाही तरी चालेल, इतिवृत्त मी लिहीन. इतिवृत्त लिहिणाऱ्याला सगळ्यांचे ऐकावे लागते. वर्षभरात तुम्हाला कळेल, की लिफ्टचा सल्लागार ‘स्काय लॉबी’ मागतो तेव्हा तो नेमके काय मागत असतो : जुन्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये ४४ व्या आणि ७८ व्या मजल्यांवर लोक वेगवान लिफ्टमधून उतरून स्थानिक लिफ्टमध्ये बसत, जसे आपण एक्स्प्रेसमधून उतरून पॅसेंजर धरतो, त्यामुळे एकाच उभ्या पट्ट्यात एकावर एक तीन लिफ्ट बसत आणि गाभा फुगत नसे. ही बैठक मागूनही मिळाली नाही, तर कार्यालय बदलण्याचे ते दुसरे योग्य कारण.

प्रश्न : उंच इमारतींच्या क्षेत्रात मुलींना वाव आहे का?
– एक विद्यार्थिनी, सिडको

उत्तर : आहे. शिकागोतील ८२ मजली ‘अ‍ॅक्वा’ (२००९) आणि त्यानंतरचा, त्याहून बराच उंच ‘सेंट रेजिस’ मनोरा हे दोन्ही जीन गँग या स्त्री आर्किटेक्टच्या कार्यालयाचे काम आहे. अ‍ॅक्वाच्या प्रत्येक मजल्याची बाल्कनी शेजारच्या मजल्याहून निराळ्या वळणाची असल्याने इमारतीवर लाटा उठल्यासारख्या दिसतात आणि तीच वळणे वाऱ्याचा तालही मोडतात. आपल्याकडे आर्किटेक्ट प्रवीणा मेहता यांनी १९६० च्या दशकात आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया आणि इंजिनिअर शिरीष पटेल यांच्यासह नवी मुंबईची कल्पना मांडली होती. बांधकामावर स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसणे, ठेकेदाराने प्रश्न तुम्हाला विचारला असता उत्तर सोबतच्या पुरुष सहकाऱ्याकडे पाहून ऐकणे, हे प्रकार अजूनही घडतात. स्वच्छतागृहाची मागणी पहिल्याच दिवशी लेखी करावी. दुसऱ्याला उपाय एकच : उत्तर बरोबर द्यावे आणि त्याच्याकडून ते ड्रॉइंगवर सहीनिशी लिहून घ्यावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. पंचवटीत आमचा शंभर वर्षांहून जुना वाडा आहे. भाऊबंद आता पुनर्विकासाला तयार झाले आहेत. नातू वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला शिकतो आणि येथे अठरा मजली टॉवर होईल, असे म्हणतो. नाशिकला खरेच अशा इमारती हव्यात का? आणि वाड्यांच्या गावात वाढलेल्या मुलाने उंच इमारती शिकून काय करायचे?
– एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी

उत्तर : सर, नातवाला आधी गल्ली मोजायला सांगावी. राष्ट्रीय संहिता पंधरा मीटर व त्याहून उंच इमारतीला ‘उंच’ म्हणते आणि अशा इमारतीसमोरचा रस्ता किमान बारा मीटर रुंद असावा, अशी तिची अपेक्षा आहे. अग्निशमनाची गाडी आत येऊन वळली पाहिजे, हे त्यामागचे साधे कारण. पंचवटीच्या जुन्या गल्ल्यांत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावे लागते, हे आपण माझ्याहून अधिक जाणता. त्यात वाडा गोदावरीच्या निळ्या किंवा लाल पूररेषेत येत असेल, तर प्रश्न आणखी बदलतो. १९६९ आणि २००८ चे पूर आपण पाहिले असतील. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले, यावर पूर मोजणाऱ्या गावात तळमजला कुठे ठेवायचा, हे टॉवरच्या टोकापेक्षा आधी ठरवावे लागते. अठरा मजले तेथे होणार नाहीत, असे मला वाटते.

शहराच्या नव्या भागांत, रुंद रस्त्यांवर, उंच इमारती होत आहेत आणि होतील. येथे पाया ही अडचण नाही. बुर्ज खलिफाला वाळवंटातील कमकुवत खडकात सुमारे पन्नास मीटर खोल १९२ पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले खांब, आणि त्यावर ३.७ मीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा सलग थर, घालावा लागला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काळी माती आणि मुरूम काढला की थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो. अडतात त्या गोष्टी दुसऱ्याच : पाणी, गाड्या लावायला जागा, विमानतळ व लष्करी हवाई तळाच्या परिसरातील उंचीची मर्यादा, आणि वीस वर्षांनी लिफ्ट व पंपांचा देखभालखर्च भरण्याची सोसायटीची ऐपत. बिल्डरच्या रंगीत ब्रोशरमध्ये यांतील शेवटची गोष्ट मी कधीही पाहिलेली नाही. शहराला उंची हवी का, याचे माझे उत्तर ‘मोजक्या ठिकाणी’ असे आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर मी अधिक ठाम आहे. वाड्यात वाढलेला मुलगा उंच इमारतींसाठी अधिक तयार असतो. मुंबईच्या कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांची ‘कांचनजंगा’ ही इमारत आहे. १९८३ मध्ये पूर्ण झालेली, ८४ मीटर उंच, तीत फक्त ३२ घरे. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय शोधला होता : राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून प्रत्येक घराच्या कोपऱ्यात नेला आणि दोन मजले उंच, झाडे लावता येतील अशी गच्ची तयार केली. वाऱ्याला व भूकंपाला तोंड देण्याचा भार मधल्या गाभ्याने घेतला, म्हणून कोपरे असे मोकळे सोडता आले. आपल्या वाड्यात जी ओसरी आहे, जिथे ऊन थांबते आणि माणूस बसतो, तीच ही. अठ्ठावीस मजल्यांत ती टिकवायची तर सांगाडा, वारा, पाऊस, खर्च या सगळ्यांशी भांडावे लागते, आणि ओसरीवर बसण्याचे सुख ज्याने घेतले आहे, तोच एवढे भांडण करतो. ज्याने फक्त ड्राय बाल्कनी पाहिली, तो ड्राय बाल्कनीच काढतो.

तेव्हा वाडा उतरवण्यापूर्वी एक करावे. नातवाने आणि त्याच्या वर्गमित्रांनी तो पूर्ण मोजून घ्यावा : चौकाची लांबी-रुंदी, ओसरीची खोली, जोत्याची उंची, माडीच्या छताची उंची, कोणत्या महिन्यात कोणत्या वेळी ऊन तुळशीपर्यंत पोहोचते, हेसुद्धा. ऊन-सावलीची ही शेवटची माहिती फक्त आपणच सांगू शकाल, म्हणून त्या दिवशी आपण चौकात खुर्ची टाकून बसावे. लाकडी तुळयांवर चढताना मुलांना जपून राहायला सांगावे. जुन्या वाड्यांत वाळवी आतून लागलेली असते आणि वरून दिसत नाही. पावसाळ्याआधीचा एखादा रविवार ठरवून मासिकाच्या पत्त्यावर कळवलेत, तर लांब टेप आणि ऊन मोजायचे होकायंत्र घेऊन मीही येईन.